कंपवाताचे रुग्ण आणि हातांचे व्यायाम

आपल्या नात्यागोत्यात, शेजारीपाजारी एखादी वडीलधारी व्यक्ती अशी असते, की जिचा हात मांडीवर ठेवलेला असतानाही आपोआप हलत राहतो. चहाचा कप हातात घ्यायला ती संकोचते. लग्नकार्यात पंगतीला बसायचे टाळते. कुठे सही करायची वेळ आली, की 'चष्मा घरी राहिला' असे सांगून वेळ मारून नेते. घरचे म्हणतात, 'आता वय झाले.' बाहेरचे याहून वाईट बोलतात. हे सर्व केवळ वयामुळे होते असे नाही. तो कंपवात, म्हणजेच पार्किन्सनचा आजार असू शकतो.

प्रस्तुत लेखात या आजारात हाताचे नेमके काय होते, आणि घरच्या घरी, पैसा खर्च न करता हातांचे कोणते व्यायाम करता येतात, याची माहिती दिली आहे. मी ३१ वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली. तरीसुद्धा या लेखातील बहुतेक गोष्टी मी रुग्णालयात नव्हे, तर घरी, माझ्या वडिलांच्या शेजारी बसून शिकले, हे प्रारंभीच प्रांजळपणे सांगते.

जमाखर्चाची वही

माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, रेल्वेत कारकून होते. अक्षर मोत्यासारखे. निवृत्त झाल्यावर वस्तीतल्या एका मंडळाचा जमाखर्च त्यांच्याकडे आला व तो त्यांनी अनेक वर्षे चोख सांभाळला. पुढे पुढे मात्र वहीतले अक्षर बारीक होत गेले. ओळीच्या सुरुवातीला ते ठीक असे आणि ओळ संपेपर्यंत मुंगीएवढे होई. १ आणि ९ यांत फरक कळेनासा झाला.

एका बैठकीत कोणीतरी विचारले, 'ही रक्कम शंभर आहे की नऊशे?' दुसऱ्या एकाने हळूच म्हटले, 'हात बघा कसा थरथरतोय. संध्याकाळची सवय असेल.' दादांनी उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्यांनी दुसऱ्या दिवशी सर्व पावत्या नेल्या, पैसा न् पैसा जुळवून दाखवला, वही अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवली आणि घरी आले. त्यानंतर ते बैठकीला गेले नाहीत. हळूहळू घराबाहेर पडणेही कमी झाले.

मी परिचारिका असून 'दादा, थकलात तुम्ही, आराम करा' एवढेच म्हणत राहिले. सुमारे दीड वर्षाने मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा डॉक्टरांनी जुन्या हस्ताक्षराचा नमुना मागितला. मी मंडळाकडून तीच वही मागून आणली. त्यांनी पाने मागे मागे उलटत नेली आणि म्हणाले, 'ताई, हा आजार या वहीत चार वर्षांपासून लिहिलेला आहे.' ती वही त्या चार वर्षांत माझ्याही डोळ्यांसमोर होती. आपल्यापैकी कोणाच्या घरी असे होऊ नये, म्हणून हा लेख.

आजाराची ओळख

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर एक निबंध प्रसिद्ध केला व त्यात सहा रुग्णांचे वर्णन केले. पुढे फ्रान्समधील विख्यात डॉक्टर शार्को यांनी या आजाराला पार्किन्सनचे नाव दिले. पार्किन्सन यांचा जन्मदिवस ११ एप्रिल हा आज जागतिक पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे आयुर्वेदात कंपवात हे नाव आहे व बोलण्यातही तेच रूढ आहे.

मेंदूच्या खालच्या भागात, मध्यमस्तिष्कात, काळसर रंगाच्या पेशींचा एक छोटा पुंजका असतो. या पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. आपण ज्या हालचाली विचार न करता करतो, उदा. चालताना हात हलवणे, शर्टाचे बटण लावणे, घास कालवणे, लिहिणे, त्या सुरळीत होण्यासाठी डोपामिन लागते. कंपवातात या पेशी हळूहळू नष्ट होतात. लक्षणे स्पष्ट दिसू लागेपर्यंत त्यांचा बराच मोठा भाग गेलेला असतो. मेंदूतील डोपामिनच्या कार्यावर संशोधन करणारे स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्व्हिद कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९६०च्या दशकापासून वापरात आलेले लिव्होडोपा हे औषध मेंदूत जाऊन डोपामिनमध्ये रूपांतरित होते. आजही या आजारावरचे ते मुख्य औषध आहे.

आजाराची प्रमुख लक्षणे अशी :

१) कंप : हात स्वस्थ असताना थरथरतो, काही करायला घेतला की बरेचदा थरथर कमी होते. अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये गोळी वळावी तशी ही हालचाल दिसते.
२) ताठरपणा : सांधा वाकवताना तो अडखळत, धक्के देत वाकतो.
३) मंदगती : हालचाल सुरू व्हायला वेळ लागतो, ती संथ होते आणि करता करता लहान होत जाते.
४) तोल जाणे : हे लक्षण बहुधा पुढच्या टप्प्यात येते.

सुरुवात बहुधा शरीराच्या एका बाजूने होते. काही रुग्णांना कंप मुळीच नसतो, त्यामुळे 'हात हलत नाही, म्हणजे कंपवात नाही' असे समजू नये. उलट ज्याचा हात कप उचलल्यावर किंवा लिहायला घेतल्यावरच जास्त हलतो, त्याला दुसरा एखादा विकार असू शकतो. काही औषधांमुळेही हात थरथरतात. म्हणून निदान घरी करू नये, ते तज्ज्ञ डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. आजार साधारणपणे साठीच्या पुढे दिसतो, परंतु चाळिशीतही होऊ शकतो. तो संसर्गजन्य नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने किंवा त्याच्या हातचे पाणी प्यायल्याने तो होत नाही.

हाताचे काय होते?

पुष्कळांना वाटते, की कंपवातात हाताची ताकद जाते. तसे मुख्यतः नसते. स्नायू शाबूत असतात, पण मेंदू त्यांना जो हुकूम देतो तो अपुरा असतो. दहा पावलांची हालचाल हवी असताना मेंदू सहाच पावलांचा हुकूम देतो आणि रुग्णाला मात्र आपण दहा पावले टाकली असेच वाटते. म्हणून अक्षर लहान होते, मूठ पूर्ण उघडत नाही, घास लहान होतो, आवाजही बारीक होतो. त्यात ताठरपणामुळे बोटे आतल्या बाजूस वळू लागतात आणि हात न वापरल्यामुळे जो अशक्तपणा येतो, तो वेगळाच.

यावर निसर्गाने एक दुसरी वाट ठेवली आहे. आपोआप होणाऱ्या हालचालींचा मार्ग बिघडला, तरी लक्षपूर्वक, ठरवून केलेल्या हालचालींचा मार्ग बराच शाबूत असतो. डोळ्यांपुढे एखादी रेघ असेल, कानावर ताल किंवा मोजणी पडत असेल, मनात 'मोठी, मोठी' अशी सूचना चालू असेल, तर तोच हात अधिक चांगले काम करतो. हातांच्या व्यायामामागचे हेच मुख्य तत्त्व आहे.

हे केवळ अनुमान नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या बर्लिन येथील अभ्यासात ६० रुग्णांचे तीन गट केले होते. मुद्दाम मोठ्या हालचाली करण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या गटाची हालचाल इतर दोन गटांपेक्षा अधिक सुधारली. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरच्या घरी चार आठवडे बोटांच्या कौशल्याचे व्यायाम केलेल्या रुग्णांच्या बोटांची चपळता वाढल्याचे आढळले.

मात्र एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. व्यायामाने कंपवात बरा होत नाही, कंपही थांबत नाही. व्यायाम औषधाची जागा घेत नाही. व्यायामाने सांधे मोकळे राहतात, हालचाल मोठी व नेमकी होते, आणि स्वतःचे काम स्वतः करण्याचे दिवस वाढतात. एवढे झाले तरी ते थोडे नाही.

पूर्वतयारी

१) वेळ : औषध घेतल्यावर साधारण पाऊण ते एक तासाने, अंग मोकळे वाटत असताना व्यायाम करावा. अंग आखडलेले असताना जबरदस्ती करू नये.
२) बैठक : पाठ टेकता येईल अशी, चाके नसलेली खुर्ची घ्यावी. दोन्ही तळपाय जमिनीला टेकलेले असावेत. समोर टेबल असल्यास उत्तम.
३) शेक : हात फार ताठ असतील, तर कोमट पाण्यात पाच मिनिटे बुडवून ठेवावेत. पाणी किती गरम आहे हे घरातल्या दुसऱ्याने आधी पाहावे.
४) मोजणी : प्रत्येक व्यायाम मोठ्याने आकडे म्हणत करावा. तालही मिळतो आणि आवाजालाही व्यायाम होतो.
५) एका वेळी एकच काम : व्यायाम करताना टी.व्ही. बंद ठेवावा, गप्पा मारू नयेत. लक्ष हालचालीवर हवे.

पहिला गट : हात मोकळे करणे

१) खांदे. दोन्ही खांदे कानांकडे उचलावेत, मागे न्यावेत, खाली सोडावेत. १० वेळा. खांदा ताठ असेल तर बोटांना व्यायाम देऊन उपयोग होत नाही, म्हणून सुरुवात इथून करावी.

२) मूठ आणि पंजा. घट्ट मूठ वळावी. मग पाणी झटकावे तशी बोटे जोराने उघडून जितकी फाकवता येतील तितकी फाकवावीत. पाच आकडे मोजेपर्यंत तशीच ठेवावीत. १० वेळा. सर्व व्यायामांत हा एकच करायचा झाला, तर हा करावा.

३) तळवे जोडणे. नमस्कारासारखे तळवे छातीपुढे जोडावेत. तळवे व बोटे एकमेकांस चिकटलेली ठेवून हात सावकाश खाली न्यावेत. मनगटाला ताण जाणवला की थांबून १५ आकडे मोजावेत. ३ वेळा. दुखू लागल्यास ताण कमी करावा.

४) उताणा व पालथा. कोपर कमरेजवळ टेकवून तळहात पूर्ण उताणा, मग पूर्ण पालथा करावा. १० वेळा. सवय झाल्यावर हातात लाटणे उभे धरून हीच हालचाल करावी. कुलूप उघडणे, नळ फिरवणे, दाराची मूठ वळवणे यांना हीच हालचाल लागते.

५) पेरांवर मोजणी. आपल्याकडे बोटांच्या पेरांवर मोजण्याची जुनी सवय आहे. अंगठ्याने चारही बोटांच्या तीन तीन पेरांना क्रमाने स्पर्श करून बारापर्यंत मोजावे. दर बोट संपले, की पंजा पूर्ण उघडावा आणि मग पुढच्या बोटावर जावे. प्रत्येक हाताने ३ वेळा. घाई करू नये, कारण घाईत हालचाल लहान होते.

६) एकेक बोट उचलणे. पंजा टेबलावर पालथा पसरून ठेवावा. बाकीची बोटे न हलवता एकेक बोट उंच उचलावे. करंगळीशेजारचे बोट सगळ्यांचेच कमी उचलले जाते, त्याची काळजी करू नये.

७) टिचकी. टेबलावर कागदाचे बोळे ठेवून एकेका बोटाने टिचकी मारून ते दूर उडवावेत. घरात नातवंडे असतील, तर हा व्यायाम कधी संपतो ते कळत नाही.

दुसरा गट : ताकद व कौशल्य

अनेक घरांतून रुग्णाच्या हातात रबरी चेंडू दिलेला असतो आणि 'दाबत बसा' असे सांगितलेले असते. चेंडू दाबणे वाईट नाही. परंतु कंपवाताच्या रुग्णाची मोठी अडचण मूठ मिटण्याची नसून उघडण्याची असते. म्हणून जितके दाबणे, तितकेच उघडणे व्हावे. यासाठी विकतची साधने लागत नाहीत. आपल्या स्वयंपाकघरात सर्व काही आहे.

१) कणीक. भाकरीचे किंवा चपातीचे पीठ मळणे हा हाताचा पूर्ण व्यायाम आहे. पिठाचा गोळा दाबावा, तो बोटांनी पसरून मोठा करावा, त्याची लांब वळी करावी, तिचे दोन बोटांत धरून तुकडे करावेत. पुरुषांनीही हे करावे, त्यात कमीपणा मानू नये.

२) रबरबँड. पाचही बोटांच्या टोकांभोवती मऊ रबरबँड अडकवून बोटे बाहेरच्या बाजूस उघडावीत. १० वेळा.

३) फडके पिळणे. ओले फडके दोन्ही हातांनी एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे पिळावे. ५ वेळा. नंतर ते झटकून मोठे पसरावे.

४) कपड्यांचे चिमटे. वाटीच्या काठावर चिमटे लावावेत व काढावेत. अंगठ्याबरोबर आधी तर्जनी, मग मधले बोट, असे बोट बदलत जावे.

५) निवडणे व सोलणे. तांदूळ निवडणे, मटार किंवा शेंगा सोलणे ही कामे रुग्णाकडून काढून घेऊ नयेत. वेळ लागला तरी चालेल.

६) नाणी. पाच नाणी टेबलावरून एकेक करून उचलावीत, तळहातात साठवावीत आणि मग अंगठ्याने एकेक पुढे सरकवून डब्याच्या फटीत टाकावीत.

७) नट-बोल्ट, पत्ते, मणी. मोठा नट बोल्टवर चढवणे व उतरवणे, पत्ते वाटणे, सुतळीत मोठे मणी ओवणे, यांपैकी जे आवडेल ते करावे.

पहिला गट रोज दोन वेळा व दुसऱ्या गटातील दोन-तीन व्यायाम रोज बदलून करावेत. एका वेळी १५ ते २० मिनिटे पुरेशी आहेत. ज्या हातात लक्षणे जास्त, त्याला थोडा अधिक वेळ द्यावा, पण दुसऱ्या हाताला वगळू नये.

लिहिण्याचा सराव

अक्षर लहान होणे हे कंपवाताचे ठळक लक्षण आहे व त्यावर सरावाचा उपयोग होतो. साध्या कोऱ्या कागदावर लिहायला सांगितले तर अक्षर आकसते. तोच कागद रेघांचा असेल, तर डोळ्यांना खूण मिळते व अक्षर मोठे राहते. पहिलीच्या मुलांसाठी मिळणारी दुरेघी वही यासाठी उत्तम. वरच्या रेघेला शिरोरेषा टेकली पाहिजे आणि खालच्या रेघेला अक्षराचा पाय टेकला पाहिजे, एवढाच नियम.

लिहिण्यापूर्वी हवेत हाताने मोठे अ, आ, इ काढावेत. मग जाड पेन घ्यावे. पेन बारीक असेल तर त्याला कापडाची पट्टी किंवा रबर गुंडाळून जाड करावे. हात टेबलावर कोपरापर्यंत टेकलेला असावा. प्रत्येक शब्दानंतर थांबावे, बोटे उघडावीत, आणि 'मोठे' असे म्हणून पुढचा शब्द लिहावा. रोज पाच ओळी व शेवटी तारखेसह सही. पानभर लिहून हात दमवण्यापेक्षा पाच ओळी मोठ्या लिहिणे अधिक चांगले.

दादांना मी पहिल्यांदा दुरेघी वही आणून दिली, तेव्हा ते रागावले. 'मला पहिलीत बसवतेस का?' म्हणाले. दोन दिवस वही तशीच पडून राहिली. तिसऱ्या दिवशी पाहिले, तर त्यांनी त्या वहीत एक ते शंभर आकडे लिहिले होते. १ आणि ९ वेगळे ओळखू येत होते.

जेवण व कपडे

आपण हाताने जेवतो, हे या रुग्णांना काही बाबतींत सोयीचेच आहे, कारण चमच्यातून सांडते तसे घासातून सांडत नाही. काठ उंच असलेले ताट किंवा पसरट वाडगा घ्यावा. ताटाखाली ओले फडके ठेवले की ते सरकत नाही. शक्य असल्यास कोपर टेबलावर टेकवून जेवावे. आमटी-ताक वाटीऐवजी कान असलेल्या मगात, अर्धेच भरून द्यावे व मग दोन्ही हातांनी धरावा. लिव्होडोपा घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डाळ, दूध, अंडी, मांस यांतील प्रथिनांमुळे काहींना या औषधाचा गुण कमी येतो, म्हणून गोळी जेवणाआधी किती वेळ घ्यायची ते डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने डाळ-दूध बंद करू नये.

कपडे घालताना बसून घालावेत व ज्या हाताला त्रास जास्त, ती बाही आधी घालावी. बटणे खालून वर लावत यावीत, म्हणजे डोळ्यांना दिसतात. फारच जड जात असल्यास बटणांच्या जागी चिकटपट्टी शिवून घ्यावी. घरच्यांनी मात्र दोन मिनिटे वाचवण्यासाठी बटणे स्वतः लावून देऊ नयेत. मायेपोटी केलेली ही घाई रुग्णाचा हात लवकर निकामी करते.

काही सावधगिऱ्या

१) व्यायामाने तीव्र वेदना होत असेल, सांधा सुजत असेल, तर तो थांबवावा व फिजिओथेरपिस्ट किंवा व्यवसायोपचारतज्ज्ञ यांना दाखवावे.
२) तोल जाणाऱ्या रुग्णाने उभ्याने व्यायाम करू नयेत.
३) राग, घाई, दडपण यांनी कंप वाढतो. 'हात हलवू नका' असे रुग्णास म्हणू नये. तो मुद्दाम हलवत नसतो.
४) औषध अचानक बंद करू नये. त्यामुळे गंभीर प्रकृती होऊ शकते.
५) खाजकुहिलीच्या बियांत लिव्होडोपा असते हे खरे आहे. म्हणूनच डॉक्टरांच्या गोळ्यांबरोबर ते चूर्ण परस्पर घेणे धोक्याचे आहे.
६) उदासपणा, झोप न लागणे ही या आजाराचीच लक्षणे असू शकतात. ती डॉक्टरांना सांगावीत.

हक्काच्या गोष्टी

२०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे, त्यांत पार्किन्सनचा आजार आहे. म्हणून पात्र रुग्णास दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते. बँकेत सही जुळत नसल्यास नवीन नमुना सही देता येते. सही करणे अशक्य झाल्यास अंगठ्याचा ठसा चालतो. त्यासाठी दोन साक्षीदार लागतात व त्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. ७० वर्षांवरील व दिव्यांग खातेदारांना घरपोच बँक सेवा देण्याबाबत रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांना सूचना दिल्या आहेत. हे माहीत नसल्यामुळे अनेक निवृत्तिवेतनधारक खिडकीवरून परत येतात. आमच्या दादांचाही एक धनादेश सही जुळत नाही म्हणून परत आला होता आणि त्या दिवशी ते जेवले नव्हते. महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथे रुग्ण व कुटुंबीयांसाठी काम करणारे स्वमदत गट आहेत, त्यांच्याशीही संपर्क ठेवावा. एकट्याने व्यायाम करण्यापेक्षा चार रुग्ण एकत्र बसले, तर व्यायाम टिकतो.

विद्यार्थ्यांना विनंती

विद्यार्थी मित्रांनो, यात तुमचे काम मोठे आहे. आठवड्यातून एकदा आजोबांच्या किंवा आजीच्या समोर दोन वाट्या ठेवा. एका वाटीत चवळीचे दाणे. एका मिनिटात किती दाणे एकेक करून दुसऱ्या वाटीत जातात ते घड्याळ लावून मोजा व वहीत तारीख घालून लिहा. आधी उजवा हात, मग डावा. हीच वही डॉक्टरांना दाखवा. औषधाचा व व्यायामाचा गुण किती आला हे त्यांना त्यावरून कळते. एखाद्या आठवड्यात आकडा कमी आला तर निराश होऊ नका, त्या दिवशी औषधाची वेळ चुकली होती का ते पाहा. शास्त्रातला प्रयोग म्हणतात तो हाच, आणि तो आपल्या घरातल्या माणसासाठी आहे.

समारोप

दादा बरे झाले असे मी सांगणार नाही. आजार पुढे सरकत राहिला. पण व्यायाम सुरू केल्यावर तीन-साडेतीन वर्षे ते स्वतःच्या हाताने जेवले, स्वतःची बटणे लावत राहिले आणि बँकेत नवी नमुना सही देऊन आपले निवृत्तिवेतन स्वतः काढत राहिले. मंडळाच्या अध्यक्षांना मी डॉक्टरांचे म्हणणे सांगितले, तेव्हा ते घरी आले. त्या वर्षीचा हिशेब दादांनी तपासला. बारावीतला एक मुलगा शेजारी बसून आकडे लिहीत होता आणि दादा मोठ्याने बोलून बेरजा सांगत होते. शेवटी त्यांनी सही केली. तिला दोन मिनिटे लागली, पण बैठकीतला कोणी मध्ये बोलला नाही. आज दादा नाहीत. ती सही मात्र वहीत आहे आणि ती वाचता येते.

वाचकांना एकच विनंती. आज घरी गेल्यावर आपल्या वडीलधाऱ्यांचे अलीकडचे अक्षर आणि पाच वर्षांपूर्वीचे अक्षर शेजारी शेजारी ठेवून पाहा. ते लहान होत गेले असेल, तर वयाला दोष देऊ नका, संशयही घेऊ नका. त्यांना डॉक्टरांकडे न्या, आणि येताना एक दुरेघी वही घेऊन या.